हप्ता, गळती आणि आलं-गेलं

गौरी आवाहनाच्या आदल्या रात्री बाथरूमची नवी फरशी पुसून मी दिवा लावला, आणि मनाला फार बरं वाटलं. सासरची सोळा माणसं तीन दिवस राहायला येणार होती. कडेला काळी पडलेली जुनी फरशी त्यांना दिसू नये म्हणून बारा दिवसांत घाईने काम उरकून घेतलं होतं आणि त्यासाठी गृहकर्जावर टॉप-अप काढलं होतं. गौरी-गणपती गेले, पाहुणे गेले. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हाक मारली. त्यांच्या ओट्याच्या कोपऱ्यात, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीच्या वर, छताला परातीएवढा तपकिरी डाग पडला होता. मधोमध थेंब धरत होता आणि खाली स्टीलचं पातेलं ठेवलेलं होतं. काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या वर बघत राहिल्या. ठेकेदाराने फरशी बदलली होती, पण खालचं वॉटरप्रूफिंग केलंच नव्हतं. नवी फरशी उखडली, राडारोडा पुन्हा पोत्यांत भरून खाली नेला, आणि त्याच कामाचे पैसे आम्ही दुसऱ्यांदा दिले.

त्या वर्षीची वही अजून माझ्याकडे आहे. सोळा माणसांचं तीन दिवसांचं जेवणखाण, भाड्याच्या गाद्या, फुलं, फळं, दूध हे सगळं एका पानावर मावलं आहे. फरशीचा खर्च पुढच्या पानावर आहे, आणि तो आधीच्या पानाच्या जवळजवळ आठपट आहे. कर्ज फिटेपर्यंत माणसं बोलवायची नाहीत असं ठरवलेली घरं मी पाहिली आहेत. मुलांचे वाढदिवस नाहीत, सुट्टीत मामा-मावशीची मुलं राहायला नाहीत. मला ते फार वाईट वाटतं, आणि हिशेबानेही त्याची गरज नसते. बहुतेक घरांत पाहुणे जड होत नाहीत. पाहुणे येणार म्हणून काढलेली कामं जड होतात. ही दोन खाती वेगळी केली, की कर्ज फेडता फेडता घरही नीट ठेवता येतं आणि दारही उघडं ठेवता येतं.

आधी कर्जाचं पाहू, कारण पैसा कुठे जातो ते दिसल्याशिवाय बाकीचं पटत नाही. समजा 40 लाखांचं कर्ज आहे, मुदत 20 वर्षं आणि दर साडेआठ टक्के. हप्ता येतो 34,713 रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले 28,333 रुपये व्याजात जातात आणि मुद्दलात पडतात जेमतेम 6,380. वर्षभरात तुम्ही सव्वाचार लाखांच्या आसपास भरता, पण मुद्दल 80 हजारांनीही उतरत नाही. हप्ते नुसते वेळेवर भरत राहिलात तर वीस वर्षांत 83 लाखांच्या वर रक्कम जाते.

आता याच कर्जात दोन वर्षांनी एकदाच 2 लाख रुपये जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज साधारण दोन वर्षं आधी संपतं. तेच 2 लाख पंधराव्या वर्षी भरले, तर आठ-नऊ महिनेच वाचतात. आणि नेमकी पहिली चार-पाच वर्षंच अशी असतात, की वास्तुशांतीचा उत्साह ताजा असतो, हॉलला फॉल्स सीलिंग हवं असतं, टीव्हीमागची भिंत सजवायची असते. हौस चुकीची नाही. पण या वर्षांत सीलिंगमध्ये घातलेल्या 2 लाखांची किंमत उतारवयातले दोन वर्षांचे हप्ते असते. तेच सीलिंग आठव्या-दहाव्या वर्षी केलं तर एवढं महाग पडत नाही. मी हौस पुढे ढकलायला सांगते ती याच कारणासाठी.

दोन लाख एकरकमी कुणाकडे असतात, असं म्हणाल. मग दरमहा 2,900 रुपये बाजूला ठेवा. वर्षाअखेर त्यातून एक जादा हप्ता उभा राहतो. दर वर्षी असा एक हप्ता मुद्दलात भरत गेलात तर वरचंच कर्ज सव्वातीन वर्षांहून आधी फिटतं. भरताना बँकेत लेखी अर्ज द्या आणि त्यात स्पष्ट लिहा, की ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवावा आणि मुदत कमी करावी. तसं लिहिलं नाही तर काही ठिकाणी हप्ता कमी करून देतात. ते तेवढ्यापुरतं सुखाचं वाटतं, पण व्याज फारसं वाचत नाही. नवा परतफेडीचा तक्ता मागून घ्या आणि जुन्याशी ताडून पाहा. आम्ही 2007 साली कर्ज घेतलं तेव्हा मुदतीआधी पैसे भरले तर वर दंड लागायचा. 2012 साली रिझर्व्ह बँकेने बदलत्या दराच्या गृहकर्जांवरचा हा दंड बँकांना बंद करायला लावला. तरीही दंडाच्या भीतीने थांबलेली माणसं मला अजून भेटतात.

दर बदलतात तेव्हाही लक्ष हवं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. पुष्कळांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र मागच्या मागे वाढत गेली. त्यानंतर ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ठरवण्याचा पर्याय कर्जदाराला द्यायला हवा. फेब्रुवारी 2025 पासून दर उतरू लागले. अशा वेळी बँक हप्ता कमी करायला तयार असेल तर मोहात पडू नका. 20 वर्षांच्या आपल्या उदाहरणात दर सुरुवातीलाच साडेआठवरून साडेसातवर आला आणि हप्ता 34,713 च ठेवला, तर कर्ज 17 वर्षांत संपतं. हप्ता कमी करून घेतला तर महिन्याला अडीच हजार सुटतात, आणि ते कुठे गेले हे महिनाअखेरीस कुणालाच सांगता येत नाही. कर्ज फार जुनं असेल तर ते अजून जुन्याच पद्धतीच्या दरावर अडकलेलं नाही ना, हेही शाखेत जाऊन विचारा. थोडं शुल्क भरून नव्या दरावर येता येतं.

‘करसवलत मिळते, मग कर्ज लवकर कशाला फेडायचं?’ हा सल्ला घराघरांत फिरतो. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावटच नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला 2 लाखांपर्यंत आहे, पण तीस टक्क्यांच्या गटातल्या माणसालाही शंभर रुपये व्याज भरून तीस-एकतीस रुपयेच परत मिळतात. उरलेले गेलेच.

एक पथ्य मात्र जादा भरण्याआधीच पाळायचं. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च भागेल एवढी रक्कम ठेवीत किंवा बचत खात्यात आधी साठू द्या. कर्जात भरलेला पैसा अडचणीच्या वेळी सहज परत मिळत नाही. दवाखाना निघाला आणि तो क्रेडिट कार्डावर गेला, तर तिथलं व्याज वर्षाला छत्तीस ते बेचाळीस टक्क्यांपर्यंत जातं. साडेआठ टक्क्यांचं कर्ज लवकर फेडल्याचा वर्षभराचा फायदा दोन-तीन महिन्यांत धुऊन निघतो.

आता घराची कामं. माझा नियम साधा आहे. थांबलं की वाढतं ते काम आधी, आणि थांबलं तरी तसंच राहतं ते काम नंतर. गळती, ओल, जुनं वायरिंग, गंजलेली पाण्याची लाइन, हलणारा गॅलरीचा कठडा ही पहिल्या प्रकारातली. यांना कर्जाचं कारण देऊन थांबवू नका, कारण आज हजारांत होणारं काम दोन पावसाळ्यांनी लाखात जातं. ओटा बदलणं, ट्रॉल्या करणं, जुनी फरशी काढून मोठ्या टाइल्स घालणं, कपाटांना नवा सनमायका लावणं ही दुसऱ्या प्रकारातली. ती वाट पाहू शकतात.

गळतीचं काम काढण्याआधी ते कुणाचं आहे ते पाहा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती दुरुस्त करणं संस्थेचं काम आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या छताचा त्यामुळे पडलेला गिलावाही संस्थेनेच करून द्यायचा असतो. अनेक जण बिचारे स्वतःच्या खिशातून हे करून मोकळे होतात. आपल्या घरातली बाथरूमची गळती मात्र आपली.

बाथरूमबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आमचं तिथेच चुकलं. फरशी उखडल्यावर खाली जुना थर दिसतो. तो साफ करून, नहाणी ट्रॅपच्या आणि पाइपांच्या भोवतालच्या फटी नीट बुजवून, वॉटरप्रूफिंगचा थर द्यायचा. तो भिंतीवरही फूटभर चढवायचा. मग ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायचं आणि ते पूर्ण दोन दिवस तसंच ठेवायचं. पाण्याची पातळी कुठवर आहे तिथे पेन्सिलीने खूण करा. दोन दिवसांनी खालच्या घरी जाऊन छताला हात लावून पाहा. हात कोरडा असेल तरच फरशी बसवायला सांगा. हे दोन दिवस ठेकेदाराला नको असतात, कारण त्याचे गवंडी तेवढे दिवस बसून राहतात. आम्हालाही नको होते, कारण गौरी दारात होत्या. म्हणूनच सण तोंडावर असताना बाथरूमला हात लावू नये. पाण्याची कामं फेब्रुवारी ते मेमध्ये उरकून घ्या, रंग पाऊस संपून भिंती वाळल्यावर काढा. दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळत नाहीत, मिळाले तर दर चढे असतात, आणि ओलसर भिंतीवर मारलेल्या रंगाला होळीपर्यंत पापुद्रे सुटतात.

ठेकेदाराशी ‘अंगावर’ ठरवलंत तरी कागदावर कामांची यादी करा. किती चौरस फूट, कोणता माल, जुनं काढून टाकण्याची मजुरी आणि राडारोडा नेण्याचा खर्च कुणाकडे, हे त्यात लिहा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि गळतीच्या कामाचा शेवटचा दहावा हिस्सा पहिला मोठा पाऊस होईपर्यंत, बाथरूम असेल तर महिनाभर वापर होईपर्यंत, हातचा राखा. आधीच ठरवलं तर चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

घरकामासाठी टॉप-अप घ्यायचंच झालं तर मुदतीकडे पाहा. 3 लाखांचं टॉप-अप नऊ टक्क्यांनी मूळ कर्जाच्या उरलेल्या 18 वर्षांवर पसरलं तर हप्ता 2,800 रुपयांचा दिसतो. अगदी हलका. पण शेवटी 6 लाखांच्या वर भरले जातात. तेच पाच वर्षांत फेडलं तर हप्ता 6,227 रुपये होतो आणि एकूण जातात पावणेचार लाखांच्या आत. फरशीचं आयुष्य संपून ती पुन्हा बदलायची वेळ आली तरी आधीच्या फरशीचे हप्ते चालू आहेत, असं होऊ देऊ नका. दुसऱ्या प्रकारातल्या कामांसाठी तर टॉप-अप नकोच. महिन्याला दोन-अडीच हजारांची आवर्ती ठेव लावा आणि ती पिकेल तेव्हा काम काढा. दोन वर्षं वाट पाहताना यादीतली अर्धी कामं आपोआप गळतात, असा माझा अनुभव आहे.

तिसरं खातं आल्यागेल्याचं. हे बहुतेक घरांत मांडलेलंच नसतं, म्हणून ते किराण्यात, पेट्रोलमध्ये, आहेरात विरघळतं आणि शेवटी हप्त्याच्या तारखेला टोचतं. मागच्या वर्षीचे बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार काढा आणि एका रविवारी दोघांनी बसून पाहुण्यांमुळे झालेला खर्च निवडा. गणपती, दिवाळीची भाऊबीज, कुणाचं केळवण, डोहाळजेवण, बारसं, उन्हाळ्याच्या सुट्टीतली मुलं, गावाहून तपासणीला आलेले काका. बेरजेला बारांनी भागा आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका. दर तीन वर्षांनी येणारा धोंड्याचा महिनाही त्यात धरा. 2023 मध्ये श्रावण अधिक होता, 2026 मध्ये ज्येष्ठ. लेक-जावयाला बोलवायचं तर तेहतीस अनारशांसोबत ताट-कपड्यांचाही खर्च असतो, आणि तो कधी येणार हे पंचांगाने आधीच सांगितलेलं असतं.

आमच्या बेरजेत एक गोष्ट लख्ख दिसली. जेवणावर खर्च कमीच होता, देण्याघेण्यावर जास्त. साड्या, शर्टपीस, जाताना मुलांच्या हातात पाकिटं. मी दोन्ही जावांशी आणि नणंदेशी फोनवर सरळ बोलले. म्हटलं, आपण एकमेकींना देतो त्या साड्या कपाटात पडून असतात. कर्ज तुमच्याकडेही आहे, आमच्याकडेही आहे. आपसातल्या साड्या बंद करू, मुलांना तेवढं देऊ. मला भीती वाटत होती की कुणाला तरी लागेल. धाकट्या जावेने पलीकडून मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, ‘ताई, मी हे दोन वर्षं बोलायचं बोलायचं म्हणत होते.’ गावाहून येणाऱ्यांनाही आम्ही सांगून टाकलं, की मिठाईचे पुडे आणू नका, त्याऐवजी शेतातले शेंगदाणे, तांदूळ, कोकम काय असेल ते आणा. त्यांनाही ते सोपं जातं, आणि आमचा महिन्याचा किराणा तेवढा हलका होतो.

गणपती भावांमध्ये पाळीने बसवता येत असेल तर तसा विचार करा. घराण्याची रीत म्हणून तो एकाच घरी असेल, तर खर्चाची वर्गणी काढायला लाजू नका. मूर्ती एकाने, नैवेद्याचा किराणा दुसऱ्याने, आरास मुलांनी. दोन दिवसांसाठी आणलेल्या आठ गाद्या भाड्याने स्वस्त पडतात. त्या विकत घेऊन ठेवायला माळा करवून घेणारं घर मला माहीत आहे, आणि त्या माळ्याचा सुताराचा खर्च गाद्यांच्या दहापट झाला. सगळ्या पोळ्या घरीच लाटायचा हट्टही सोडा. जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून मोजून आणलेल्या पोळ्या आणि घरची आमटी, भात, कोशिंबीर यात पाहुणचार कुठेही कमी होत नाही. घरातली बाईही त्या दिवशी पाहुण्यांत बसू शकते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

पाहुण्यांसाठी घरात करायलाच हवी अशी कामंही असतात, पण ती बहुतेक छोटी असतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्या आत्याबाई तीन आठवडे राहायला आल्या, तेव्हा त्या येण्याआधी मी घरभर फिरून त्यांच्या नजरेने पाहिलं. कमोडशेजारी धरायला दांडा लावला, अंघोळीसाठी रबरी पायांचं स्टूल आणलं, बाथरूममध्ये न घसरणारी चटई टाकली, त्यांच्या पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर रात्रीचा एक छोटा दिवा लावला. सगळं मिळून दीड-दोन हजारांत झालं. तो दांडा तसाच आहे, आणि आता माझ्या यजमानांचे गुडघे दुखायला लागल्यापासून तेच तो रोज धरतात. शहरात घर असलं की उपचारांना, परीक्षांना, मुलाखतींना माणसं येणारच. त्यांच्यासाठी करायची ती कामं ही अशी.

दिवाळीचा बोनस हातात येतो तेव्हा तिन्ही खाती एकदम हात पुढे करतात. मी अनेक वर्षं एकच क्रम पाळला. बोनस जमा झाल्याच्या दिवशीच, खरेदीची यादी लिहायच्याही आधी, अर्धा कर्जात भरायचा. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करून घरकाम आणि सण. ज्या वर्षी हा क्रम उलटा केला, त्या वर्षी कर्जासाठी शेवटी काहीच उरलं नाही. मुलांनाही हे सांगा. आमच्या मुलाने दहावीत असताना भिंतीवर कॅलेंडरशेजारी एक कागद लावला होता. जादा भरणा केला की उरलेल्या हप्त्यांमधून सुटलेले हप्ते तो रंगवायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं कर्ज मार्च 2021 मध्ये फिटलं, वीसऐवजी चौदा वर्षांत. घराची मूळ कागदपत्रं परत मिळायला मात्र अडीच महिने खेटे घालावे लागले. आता तसं होऊ नये. 1 डिसेंबर 2023 पासूनचा नियम असा, की कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी आजच शोधून ठेवा. परत घेताना करारनाम्याचं प्रत्येक पान, मुद्रांक शुल्काची पावती, सूची क्रमांक 2 काउंटरवरच तपासा. कर्ज संपल्याचं पत्र घ्या आणि ते दाखवून सोसायटीच्या दफ्तरातली बोजाची नोंद काढून घ्या.

कागद घरी आले त्या रविवारी खालच्या काकूंना जेवायला बोलावलं होतं. हॉलची फरशी अजून जुनीच होती, जिन्याजवळची एक तर तडकलेली. काकूंनी जेवण झाल्यावर मला खाली नेलं आणि त्यांच्या स्वयंपाकघरात उभं करून वर दाखवलं. त्यांनी नुकताच रंग काढला होता. छत पांढरं आणि कोरडं होतं.